गोळ्या चालू, तरी धडधड चालूच: अतिसक्रिय थायरॉइडच्या उपचारात रेंगाळणारी लक्षणं

उपचार सुरू होऊन दोन महिने होतात. रिपोर्टमध्ये फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) मर्यादेत आलेला दिसतो, घरचे म्हणतात ‘आता तर नॉर्मल आहे’, आणि तरीही जिना चढताना मांड्या भरून येतात, पहाटे तीनला जाग येते, कंगव्यात केसांचा पुंजका निघतो. यातली काही लक्षणं जुन्या आजाराची उरलेली असतात, काही डोस जास्त झाल्याची, काही गोळीची स्वतःची, आणि काहींचा थायरॉइडशी संबंधच नसतो. वरवर पाहता सगळी सारखीच. थकवा तर या चारही कारणांनी येतो. म्हणून ‘अजून बरं वाटत नाही’ एवढंच ऐकून डॉक्टरांनाही फारसं काही करता येत नाही. कुठलं लक्षण, कधीपासून, कुठल्या डोसवर, हे सांगता आलं की काम सोपं होतं.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. बोलताना आपण ‘थायरॉइड वाढलाय’ म्हणतो आणि त्याचे दोन उलटे अर्थ निघतात. टीएसएचचा, म्हणजे ग्रंथीला ‘काम कर’ सांगणाऱ्या हार्मोनचा, आकडा वाढला तरी लोक असंच म्हणतात, पण तेव्हा ग्रंथी कमी काम करत असते. ग्रंथी जास्त हार्मोन बनवायला लागली की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच आवरता घेते आणि तो आकडा खाली जातो. इथे बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. ओळखीतल्या कुणाचा ‘थायरॉइडचा अनुभव’ ऐकताना त्यांचा कुठला, हे आधी विचारा. बहुतेकांचा उलटा असतो आणि त्यांच्या गोळीचं कामही उलटं असतं.

गोळी काय अडवते आणि काय नाही

कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल ही तिन्ही औषधं ग्रंथीत नवं हार्मोन तयार होणं थांबवतात. आधीच तयार होऊन ग्रंथीत साठलेलं हार्मोन मात्र रक्तात येतच राहतं, आणि हा साठा कित्येक आठवडे पुरेल एवढा असू शकतो. शिवाय रक्तात आलेला टी४ निम्मा व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. टी३ या दुसऱ्या थायरॉइड हार्मोनला साधारण एक दिवस. त्यामुळे पहिला फरक २ ते ४ आठवड्यांनी जाणवतो आणि आकडे मर्यादेत यायला बहुधा ४ ते ८ आठवडे जातात. गळ्याची गाठ मोठी असेल किंवा सुरुवातीचा टी३ फार चढलेला असेल तर त्याहून जास्त. तिसऱ्या आठवड्यात ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरवणं म्हणजे नळ बंद केल्यावर टाकी लगेच रिकामी का झाली नाही, असं विचारण्यासारखं आहे.

यात गोंधळ घालणारं आणखी एक औषध असतं: प्रोप्रॅनोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर. तो काही तासांत काम करतो. धडधड, थरथर, घाम कमी होतो आणि माणसाला वाटतं आजार उतरला. प्रत्यक्षात हार्मोन अजून तेवढंच असतं, फक्त त्याचा आवाज दबलेला असतो. पुढे बीटा-ब्लॉकर कमी केला की धडधड परत येते. त्याची दोन कारणं असू शकतात: हार्मोन अजून खाली आलेलं नाही, किंवा गोळी एकदम बंद केली. बीटा-ब्लॉकर अचानक तोडला की उसळी मारून ठोके वाढतात, म्हणून तो डॉक्टरांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो. दमा असेल तर तो सुरू करण्याआधीच सांगायला हवं.

डोसाबाबत सर्रास होणारी एक चूक. कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर त्याचं मेथिमाझोल होतं, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम नाही. १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे साधारण ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल. एक औषध मिळालं नाही म्हणून ‘तेच आहे’ म्हणत दुसरं तेवढ्याच मिलिग्रॅमचं घेतलं, तर डोस दीडपटीहून जास्त होतो किंवा जवळजवळ निम्म्यावर येतो. चार-सहा आठवड्यांनी लक्षणं बदलतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पाकिटावर आतल्या औषधाचं नाव वाचा, कंपनीचं नाही.

वही ठेवा

फार मोठं काही नको. रोज एक ओळ, आठवड्याला एक मोठी ओळ.

रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, काही पिण्याआधी नाडी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताची मधली दोन बोटं ठेवा, अंगठा नको, कारण त्याला स्वतःचा ठोका असतो. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर ठोक्यांची अनियमितता हाती लागत नाही, आणि ती ठोक्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची असू शकते. आकड्यापुढे ‘एकसारखी’ किंवा ‘चुकत चुकत’ असं लिहा. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तेही लिहा, कारण तेव्हा ६८ हा आकडा हार्मोनबद्दल काहीच सांगत नाही. तो चालू नसताना सकाळची नाडी आठवड्याभरात ७२ वरून ९० वर सरकली, तर रिपोर्टच्या आधी वहीनेच बातमी दिली असं समजा.

आठवड्यातून एकदा तीन गोष्टी. त्याच दिवशी, त्याच वेळी वजन. मग दोन्ही हात समोर ताणून, बोटं फाकवून, त्यावर एक कोरा कागद ठेवायचा. कागदाची कडा फडफडते का ते पाहायचं. थरथर इतकी बारीक असते की नुसत्या बोटांत दिसत नाही, कागदात दिसते. आणि तिसरी: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी करून, हातांचा आधार न घेता पाच वेळा उठायचं-बसायचं आणि लागलेले सेकंद लिहायचे. अतिसक्रिय थायरॉइडमध्ये मांड्या आणि खांद्याजवळचे स्नायू आधी झिजतात. त्यामुळे ‘थकवा’ या ढगळ शब्दाला इथे आकडा मिळतो. आठवा आठवडा २२ सेकंद, बारावा १७, सोळावा १३ असं उतरत असेल तर भरपाई सुरू आहे, मन काहीही म्हणो.

चुकलेली गोळी लपवू नका, वहीत फुली मारा. कार्बिमाझोल आणि मेथिमाझोलचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून ती बहुधा दिवसातून एकदा पुरतात. प्रोपिलथायोयुरासिल लवकर उतरतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं आणि त्यातला दुपारचा डोस हमखास विसरतो. राहिलेला डोस आठवला की घ्यावा. पुढच्याची वेळ आलीच असेल तर सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत.

रिपोर्ट वाचताना फसगत कुठे होते

समजण्यासाठी बनवलेले आकडे घेऊ. समजा प्रयोगशाळेची मर्यादा अशी आहे: टीएसएच ०.४ ते ४, फ्री टी४ ०.८ ते १.८, टी३ ८० ते २००. तुमच्या कागदावरच्या मर्यादा वेगळ्या असतील, त्याच धरायच्या.

सुरुवातीला टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ ४.२, टी३ ३८०. इथे काही गूढ नाही.

सहा आठवड्यांनी एकाचा रिपोर्ट येतो: टीएसएच अजून ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ १.३, टी३ २४५. टी४ वर टिकमार्क बघून लोक ‘नॉर्मल आलं’ म्हणतात. पण पेशींवर मुख्य काम टी३ करतो आणि तो अजून चढाच आहे. ग्रेव्हज आजारात (शरीराचीच अँटीबॉडी ग्रंथीला चेतवते तो प्रकार) ग्रंथी टी४ च्या मानाने टी३ जास्त सोडते. या माणसाची धडधड आणि घाम खरा आहे, मनाचा खेळ नाही. बऱ्याचदा नुसतं टीएसएच आणि फ्री टी४ तपासलं जातं आणि ही गोष्ट निसटते. लक्षणं रेंगाळत असतील तर ‘टी३ पण करूया का?’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दुसऱ्याचा रिपोर्ट: टीएसएच तसाच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ ०.६, टी३ ७८. नुसत्या टीएसएचकडे पाहिलं तर आजार अजून जोरात आहे असं वाटतं आणि गोळी वाढवावीशी वाटते. पण हा माणूस आता उलट्या बाजूला घसरलाय. त्याला गोळी जास्त होतेय. थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, पायात गोळे, जड डोकं हे सगळं त्यामुळे. या टप्प्यावर डोस वाढवला तर त्रास दुप्पट.

टीएसएच असा खोटं का बोलतो? महिनोन्महिने जास्त हार्मोन पाहिल्यामुळे पिट्यूटरी दबलेली असते. रक्तातलं हार्मोन मर्यादेत आल्यावरही तिला जागं व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत डोस ठरतो तो फ्री टी४ आणि टी३ वरून. टीएसएच पाहायचा, पण त्याच्या मागे धावायचं नाही. सुरुवातीला दर ४ ते ६ आठवड्यांनी, आकडे स्थिरावल्यावर २ ते ३ महिन्यांनी तपासणी करण्याची पद्धत आहे. सुरुवातीचा १५ ते ४० मिलिग्रॅम कार्बिमाझोलचा डोस या तपासण्यांच्या आधारेच ५ ते १५ पर्यंत खाली येतो. तपासणी लांबवली तर मोठा डोस तसाच चालू राहतो आणि दुसरा रिपोर्ट तुमचा होतो.

आता बायोटिनबद्दल, कारण यात हकनाक डोस बदलले जातात. केस गळतात म्हणून माणूस केस-नखांच्या गोळ्या सुरू करतो. त्यात ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असू शकतं. ते शरीरातल्या थायरॉइडला काही करत नाही, पण अनेक प्रयोगशाळांतल्या चाचणीच्या रसायनात लुडबुड करतं: टीएसएच खोटा कमी, टी४ आणि टी३ खोटे जास्त, इतकंच काय, ग्रेव्हजची अँटीबॉडीही खोटी जास्त दिसू शकते. म्हणजे अतिसक्रिय थायरॉइडचं हुबेहूब चित्र कागदावर तयार. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी काही दिवस, आणि घेत असल्याचं प्रयोगशाळेत सांगा. लक्षणं सुधारलीत आणि आकडे बिघडलेत, असा मेळ न बसणारा रिपोर्ट आला तर पहिला संशय इथे घ्यावा.

एकेका लक्षणाचा हिशोब

धडधड. हार्मोन उतरलं की सगळ्यात आधी हीच उतरायला हवी. टी४ आणि टी३ दोन्ही मर्यादेत येऊन महिना झाला तरी ठोके जलद असतील तर दुसरीकडे पाहायचं: हिमोग्लोबिन, कॉफीचं प्रमाण, सर्दीच्या गोळ्यांतलं नाक मोकळं करणारं औषध, दम्याचा पंप. नाडी जलद आणि शिवाय कुठलाच ताल नसलेली असेल तर ईसीजी लवकर काढायला हवा, विशेषतः साठीच्या पुढे. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. हार्मोन मर्यादेत आल्यावर अनेकांचा ताल पुढच्या चारेक महिन्यांत आपोआप परततो. नाही परतला तर हृदयरोगतज्ज्ञ पुढचं ठरवतात. वॉरफरीन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी इथे सावध राहायचं: थायरॉइड खाली येतो तशी त्या गोळीची गरज वाढते आणि जुन्या डोसवर आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) घसरतो. तसंच मधुमेहाचं: थायरॉइड आटोक्यात आला की इन्सुलिन कमी लागू शकतं, जुना डोस चालू ठेवला तर साखर खाली जाते.

स्नायूंचा अशक्तपणा. हा सगळ्यात चिवट, आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात तो यालाच. जास्त हार्मोनने स्नायूंतली प्रथिनं मोडली जातात. हार्मोन मर्यादेत आलं की मोडतोड थांबते, पण बांधकाम स्नायूच्या गतीने होतं, त्याला कित्येक महिने लागतात. नाडी वाढलेली असेपर्यंत जोराचा व्यायाम नको, चालणं पुरे. आकडे मर्यादेत आले की खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, अशा हलक्या कामापासून एक दिवसाआड सुरुवात करा. जेवणात प्रथिनं पुरेशी घ्या. पहिल्याच आठवड्यात जुनं धावणं परत सुरू केलं की दोन दिवस अंथरूण धरावं लागतं आणि मग माणूस ‘आजार उलटला’ समजतो.

एक वेगळा प्रकार लक्षात ठेवा. रात्री भरपूर पिष्टमय जेवण किंवा दिवसभर अंगमेहनत, आणि पहाटे पाय अचानक हलेनासे होणं. तरुण पुरुषांत, त्यातही आशियाई वंशाच्या, हे जास्त दिसतं. रक्तातलं पोटॅशियम एकदम पेशींत शिरतं आणि स्नायू बंद पडतात. हा साधा अशक्तपणा नाही, तातडीने दवाखाना.

पायात गोळे. उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोटऱ्या, पाठ, हात वळायला लागले तर बहुतेकांना मॅग्नेशियमची गोळी आठवते. आधी फ्री टी४ बघा. हार्मोन फार झपाट्याने खाली आलं तर आकडा मर्यादेत असूनही स्नायूंना ती घसरण सोसत नाही, सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्तातली खूण) वाढतो आणि गोळे येतात. डोस कमी केल्यावर हे थांबतं. आकडे नीट असतील तरच कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि ड जीवनसत्त्व तपासण्यात अर्थ आहे.

केस. आज गळणारा केस दोन-तीन महिन्यांपूर्वी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेला असतो. म्हणून गळती नेमकी उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात, आकडे सुधारत असताना वाढते आणि दोष गोळीवर येतो. ही जुनी थकबाकी आहे. सहा महिन्यांत ओसरायला हवी. कपाळाच्या कडेला छोटे, टोकदार नवे केस दिसत असतील तर भरती सुरू झाली. सहा महिन्यांनंतरही पुंजके निघत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि फ्री टी४ दोन्ही तपासा.

वजन. आजारात दुप्पट खाऊनही अंगी लागत नव्हतं. आता इंजिन मंदावलं, पण भूक जुन्याच सवयीने चालते. गेलेलं वजन परत येणं हे बरं होणं आहे. त्याच्या पुढे जायला लागलं की ताटाकडे पाहायचं. वजन वाढतंय म्हणून गोळी बंद करणारे भेटतात, आणि ते फार महागात पडतं. वजनासोबत थंडी वाजणं आणि बद्धकोष्ठही असेल तर गोळी जास्त होतेय का ते रक्त सांगेल.

झोप आणि चिडचिड. आकडे सुधारल्यावरही मन मागून येतं, काही महिने मागून. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. प्रोप्रॅनोलॉल स्वतःही काहींना विचित्र स्वप्नं आणि तुटक झोप देतं. अॅटेनोलॉल मेंदूत कमी शिरतं, तेव्हा बदल करता येईल का ते विचारा. दुपारनंतर कॉफी नको. उदासी दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकली तर तिला थायरॉइडच्या खात्यात टाकून थांबू नये, तिचा उपचार वेगळा करावा लागतो.

नखं उचकटणं, घाम, अंगाला खाज या गोष्टी हळूहळू जातात. रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृतातलं एक एन्झाइम) काही महिने चढं दिसू शकतं. बहुतेकदा ते हाडांची भरपाई चालल्याचं चिन्ह असतं, यकृत बिघडल्याचं नव्हे. यकृताचे बाकीचे आकडे सोबत बघून डॉक्टर ते ठरवतात.

डोळे वेगळे चालतात

ग्रेव्हज आजारात डोळ्यांमागच्या ऊतींवर त्याच अँटीबॉडीचा मारा होतो. पण डोळे ग्रंथीच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. हार्मोन मर्यादेत आलं तरी डोळ्यांचा दाह अनेकदा वर्ष-दोन वर्षं धगधगत राहतो आणि मग निवतो. गोळीचा डोस वाढवून डोळे सुधारत नाहीत. उलट गोळी जास्त होऊन थायरॉइड मंदावला तर ते बिघडतात. तेव्हा डोळ्यांच्या रुग्णाने दोन्ही बाजूंना घसरणं टाळायचं असतं.

धूम्रपान हा इथला सगळ्यात वाईट शत्रू, आणि हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्टही. ते सोडण्याइतका फायदा कुठल्याच थेंबांनी होत नाही. बाकी: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, टोचणी लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळांनी, रात्री जेल, कारण पापणी पूर्ण मिटत नसेल तर झोपेत बुबुळ कोरडं पडतं. पलंगाची डोक्याकडची बाजू १०-१५ सेंटिमीटर उंच केली की सकाळची सूज उतरते. बाहेर पडताना गॉगल. आजार सौम्य आणि नवा असेल तर सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने, असा उपचार दिला जातो. तो डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्त सेलेनियमनेही केस गळतात. रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन) देण्याचं चाललं असेल तर डोळ्यांच्या त्रासाबद्दल आवर्जून सांगा. त्याने डोळे बिघडू शकतात आणि काहींना सोबत स्टेरॉइड द्यावं लागतं.

आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, एकच लाल वस्तू पाहा. एका डोळ्याला तो लाल फिका, विटकरी दिसायला लागला तर दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब येत असू शकतो. अंधूक दिसणं, एकाचं दोन दिसणं, पापणी न मिटणं, डोळा हलवताना ठणका, ही लक्षणंही तितकीच गंभीर. यात पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

गोळीचाच त्रास

पुरळ आणि खाज सगळ्यात जास्त दिसते. सौम्य असेल तर अँटी-अॅलर्जीच्या गोळीवर भागतं, औषध बदलावं लागेलच असं नाही.

खरी भीती वेगळी आहे. साधारण हजारात २ ते ५ जणांमध्ये ही औषधं पांढऱ्या पेशींमधले जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल्स जवळजवळ संपवून टाकतात. बहुतेकदा हे पहिल्या ९० दिवसांत होतं, पण मधे बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली की धोकाही पुन्हा सुरू होतो. लक्षण साधंच दिसतं: ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. ताप ३८ अंश सेल्सियस किंवा घसा चांगलाच धरलेला असेल तर त्याच क्षणी थायरॉइडची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा, न्यूट्रोफिल्सच्या आकड्यासह. तापाची गोळी घेऊन ‘उद्या बघू’ म्हणणं इथे जिवावर बेतू शकतं. महिन्यापूर्वीचा चांगला सीबीसी आजची हमी देत नाही, कारण पेशी काही दिवसांतच कोसळतात. रिपोर्ट नीट आला तर गोळी परत सुरू होते, दोन-चार डोस बुडाल्याने काही बिघडत नाही.

दुसरं, यकृत. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगभर खाज, जेवणाचा तिटकारा: गोळी थांबवून लगेच डॉक्टर. प्रोपिलथायोयुरासिलमध्ये हा त्रास जास्त गंभीर होऊ शकतो. तिसरं, सांधे. एकामागून एक सांधे सुजायला-दुखायला लागले तर त्याला वय किंवा हवामान समजू नका. हीसुद्धा औषध बदलण्याची खूण आहे.

आणि गर्भधारणा. पाळी चुकली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी चाचणी आणि डॉक्टरांना फोन. कार्बिमाझोल आणि मेथिमाझोलमुळे गर्भाच्या घडणीत दोष येण्याची शक्यता साधारण ६ ते १० आठवड्यांत असते, म्हणजे अनेकींना कळेपर्यंत तो काळ सुरूही झालेला असतो. औषध बदलायचं की थांबवायचं हे डॉक्टर ठरवतील. आपण होऊन तोडलं तर आईचा थायरॉइड उसळतो, तेही गर्भाला चांगलं नाही.

आकडे खाली येतच नसतील तर

आधी वहीतल्या फुल्या मोजा. त्या नसतील तर आयोडीन शोधा: गेल्या काही आठवड्यांत रंगद्रव्य टोचून केलेला सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी, हृदयासाठी अॅमिओडॅरोन, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, ‘थायरॉइड सपोर्ट’ नावाचं काहीतरी. जेवणातल्या आयोडीनयुक्त मिठाला घाबरण्याचं कारण नाही. त्याच्या तुलनेत रंगद्रव्यातल्या आयोडीनची मात्रा हजारो पटींची असते.

तेही नसेल तर मुळातलं निदान तपासून पाहावं लागतं. थायरॉइडायटिसमध्ये, बाळंतपणानंतरच्यासुद्धा, ग्रंथी जास्त बनवत नसते. तिला सूज येऊन साठा गळत असतो. बनवणं थांबवणाऱ्या गोळीचा तिथे उपयोगच नाही. हा प्रकार एक ते तीन महिन्यांत आपोआप उतरतो आणि मग बहुधा काही काळ मंदपणाची पाळी येते. ग्रेव्हजची टीआरएबी ही अँटीबॉडी आणि ग्रंथी किती आयोडीन ओढते त्याचा स्कॅन यातून फरक कळतो. टी४ जास्त असूनही टीएसएच दबलेला नसेल तर मात्र प्रकरण दुर्मीळ आहे, ते थेट एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे) न्यावं.

रेडिओआयोडीन घेतलेल्यांचं घड्याळ आणखी सावकाश. पहिले एक-दोन आठवडे साठा गळून धडधड वाढूही शकते. परिणाम ६ ते १२ आठवड्यांत दिसायला लागतो, पूर्ण व्हायला सहा महिने जातात. दुसऱ्या डोसचा विचार बहुधा त्यानंतरच. मधेच कधीतरी थकवा परत येतो आणि तो जुना आजार नसून मंदावलेला थायरॉइड असतो, तेव्हा ४-६ आठवड्यांची तपासणी चुकवू नये. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या तर तो थायरॉइडचा नव्हे, कॅल्शियमचा प्रश्न असतो आणि लगेच सांगायचा असतो.

जास्त ताप, १४० च्या आसपास ठोके, उलट्या-जुलाब आणि बरळणं हे एकत्र आलं, विशेषतः गोळ्या सोडल्यावर किंवा एखाद्या जंतुसंसर्गात, तर ते थायरॉइड स्टॉर्म असू शकतं. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

मागचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, प्रत्येकावर त्या दिवशी चालू असलेला डोस पेन्सिलने लिहिलेला. नुसते आकडे आणि डोसाशी जोडलेले आकडे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वहीतली नाडी आणि वजन. घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट, पूरक म्हणून घेतलेल्याचंसुद्धा. आणि तक्रारी तीनच, सगळ्यात छळणारी आधी, ती कधी सुरू झाली त्या तारखेसह.

ग्रेव्हजमध्ये गोळ्या साधारण १२ ते १८ महिने चालतात. थांबवण्याआधी टीआरएबी करून घ्यावी. ती अजून चढी असेल तर आजार परतण्याची शक्यता बरीच जास्त आणि थांबवण्याची घाई करण्यात अर्थ नाही. ती उतरलेली असली तरी एकूण पाहता जवळजवळ निम्म्या लोकांत आजार कधी ना कधी परततो, बहुतेकदा पहिल्या वर्षात. म्हणून गोळी बंद झाली तरी वही बंद करू नका. सकाळची नाडी निदान वर्षभर, आठवड्यातून दोनदा तरी लिहा. तिने वर सरकायला सुरुवात केली तर पुढच्या तारखेआधीच फ्री टी४ आणि टी३ करून घ्या.